‘ऑक्सि’ची जन्मकथा

ऑक्सिजन, ऑक्साइड हे शब्द शाळकरी विद्यार्थीहि सहज उच्चारतात. परंतु त्यांच्या आरंभीं असलेल्या ‘ऑक्सि’ या पूर्वपदाचा अर्थ विचारला, तर चांगले सुशिक्षित गृहस्थहि घुटमळतात. ग्रीक भाषेंत ‘ऑक्सिस्’ म्हणजे तीक्ष्ण. शस्त्राची धार तीक्ष्ण, तशी जिभेला झोंबणारी आंबट चवहि तीक्ष्णच. म्हणून शिरक्याला ग्रीक लोक ‘ऑक्सोस्’ म्हणत. आपल्या ‘चतुरश्र’ शब्दांतील ‘अश्रि’, म्हणजे धार किंवा कोन, हिचेंहि नातें भाषाशास्त्रज्ञ याच मूळाशीं जोडतात.

या पूर्वपदाला रसायनशास्त्रांत मानाचें स्थान दिलें तें फ्रान्सच्या लाव्हाझिए यानें. १७७४ च्या ऑगस्टांत इंग्रज शास्त्रज्ञ प्रीस्टले यानें पाऱ्याचें तांबडें भस्म भिंगानें उन्हांत तापवून एक वायु मिळविला होता. स्वीडनमधील शेले याला तो त्याच्याहि आधीं सांपडला होता. परंतु त्या वायूचें खरें कार्य ओळखण्याचा मान लाव्हाझिएचाच. गंधक व फॉस्फरस जळतांना या वायूशीं संयोग पावतात, आणि जें निपजतें तें पाण्यांत विरतांच आम्ल होतें, हें त्यानें पाहिलें. त्यावरून प्रत्येक आम्लांत हा वायु असलाच पाहिजे असा सिद्धांत त्यानें बांधला, आणि १७७७ मध्यें ‘आम्लजनक’ या अर्थाचें नांव योजिलें. दहा वर्षांनीं त्यानें व त्याच्या तीन सहकाऱ्यांनीं नवी रासायनिक परिभाषा प्रसिद्ध केली. तींत तें कायमचें रुजलें.

१७९४ मध्यें राज्यक्रांतीच्या वधयंत्राखालीं लाव्हाझिएचें शिर गेलें. पुढें सोळा वर्षांनीं त्याच्या या सिद्धांताचाहि शिरच्छेद झाला! मिठापासून निघणाऱ्या तीव्र आम्लांत ऑक्सिजनचा लवलेशहि नाहीं, त्यांत हायड्रोजन व दुसरें एक स्वतंत्र मूलद्रव्य आहे, असें १८१० मध्यें डेव्हीनें प्रतिपादिलें. या नव्या मूलद्रव्याला त्यानें नांव दिलें तें कोणत्याहि सिद्धांतावरून नव्हे, तर त्याच्या फिकट हिरव्या रंगावरून: क्लोरीन. रंग कांहीं खोटा ठरावयाचा नव्हता. आम्लत्वाचें श्रेय पुढें हायड्रोजनकडे गेलें. ऑक्सिजनकडे नांव तेवढें राहिलें.

परिभाषा घडवितांना शब्दाचें भाषांतर करावें कीं वस्तूचें, हा वाद आपल्याकडेहि जुनाच आहे. शब्दाचें भाषांतर करणारांनीं ही चूक देशोदेशीं पोंचविली. जर्मनांनीं ‘आंबट द्रव्य’ अशा अर्थाचा ‘झाउअरश्टोफ’ घडविला. तशाच डच शब्दावरून जपानांत उदागावा योआन यानें ‘सान्सो’ केला. बंगालींत ‘अम्लजान’ झाला. या शेवटच्या शब्दाचें मला कौतुक वाटतें. ग्रीक ‘जेन्’ व संस्कृत ‘जन्’ हे सगोत्र धातु. त्यामुळें अर्थ आणि ध्वनि दोन्ही साधले, आणि चूकहि तितक्याच चोखपणें उतरली! मराठीनें ‘प्राणवायु’ म्हणून ती टाळली खरी, पण त्याबद्दल आपण पाठ थोपटून घ्यावी असें नाहीं. योगशास्त्रांतील पंचप्राणांपैकीं पहिल्याचें नांव या वायूस दिल्यामुळें, प्राणायामावरील कित्येक लेखांत देहांतील प्राण आणि हवेंतील ऑक्सिजन हे एकच समजले जातात.