लोकसभेतील आपले प्रतिनिधी

गेल्या वार्षिक सभेत आपल्या समाजातील एका तरुण व होतकरू सभासदाने एक ठराव मांडला होता, हे ज्ञातिबांधवांच्या स्मरणात असेलच. यापुढे लोकसभेच्या निवडणुकीत समाजाने स्वज्ञातीच्याच उमेदवारास मते द्यावीत, आणि तसा उमेदवार नसेल तर तो उभा करावा, असा त्या ठरावाचा आशय होता. वेळ थोडा उरल्यामुळे ठराव पुढील सभेवर ठेवण्यात आला. त्या वेळी अध्यक्षमहाशय आम्हांस म्हणाले, "गुरुजी, तुमचा जन्म इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकविण्यात गेला. या शहरातून आजवर दिल्लीस कोण कोण गेले, याची हकीकत स्मरणिकेत लिहा. म्हणजे सभासदांस विचार करणे सोपे जाईल." त्या आज्ञेस अनुसरून हा अल्प प्रयत्न आहे. ठराव मांडणाऱ्या तरुणाविषयी आमच्या मनात प्रेमच आहे. त्याने बोलून दाखविलेली व्यथाही खोटी नाही. कचेरीत आपल्या लहान समाजाच्या अर्जाकडे कोणी वळून पाहत नाही, हा अनुभव आम्हीही घेतला आहे.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, दिल्लीस प्रतिनिधी पाठविण्याचा अधिकार या भूमीस फार उशिरा मिळाला. आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कायगावच्या घाटावर उभे राहिले म्हणजे गोदावरीच्या पैलतीरी टोके दिसते. ते टोके नगर जिल्ह्यातील, म्हणजे ब्रिटिश मुलुखातील. १९२१ सालापासून दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात ब्रिटिश मुलुखातील प्रतिनिधी बसू लागले. मताचा अधिकार मोजक्या कर भरणाऱ्यांनाच होता हे खरे. परंतु पैलतीरावर तो निदान काहींना होता, ऐलतीरावर कोणालाही नव्हता. संस्थानी प्रजेस त्या कायदेमंडळात स्थानच नव्हते. पुढे ज्या घटना समितीने स्वतंत्र भारताची घटना सिद्ध केली, तिच्यातही हैदराबाद संस्थानाच्या वाट्याच्या जागा रिकाम्याच राहिल्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, आणि १९५२ साली आपल्या वाडवडिलांनी पहिल्या लोकसभेसाठी आयुष्यातील पहिले मत दिले. ज्या पिढीने निजामाच्या अंमलात अर्जावर अर्ज केले, तिच्या हाती प्रथमच अर्जाऐवजी मतपत्रिका आली. या एका गोष्टीचे मोल आजच्या तरुणांना सांगावे तितके थोडेच आहे.

१९५२ च्या त्या निवडणुकीत औरंगाबाद मतदारसंघातून काँग्रेसचे सुरेशचंद्र आर्य निवडून आले. त्या वेळी आपण हैदराबाद राज्यात होतो. १९५७ साली दुसरी निवडणूक झाली तेव्हा आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो होतो, आणि १९६२ च्या तिसऱ्या निवडणुकीच्या वेळी महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन दोन वर्षे होत आली होती. भूमी तीच, नदी तीच, परंतु पहिल्या तीन निवडणुका तीन निरनिराळ्या राज्यांत झाल्या. भारतात असे भाग्य फार थोड्या प्रदेशांच्या वाट्यास आले असेल.

१९५७ साली या मतदारसंघाने स्वामी रामानंद तीर्थ यांस निवडून दिले. स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते मुख्याध्यापक होते, आणि पुढे अंबाजोगाईस त्यांनी अध्यापन केले. आम्हां शिक्षकांस याचा सार्थ अभिमान वाटतो. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे ते अग्रणी होते. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, १९५२ साली हेच स्वामीजी गुलबर्ग्याहून लोकसभेवर निवडून गेले होते. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी कानडी मुलुखाचे प्रतिनिधित्व केले, त्यांनाच मराठी मुलुखाने आपले म्हणून स्वीकारले. हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी व्हावी, असा आग्रह ज्यांनी धरला त्यांत स्वामीजी प्रमुख होते. भाषेची सीमा आखावी असे म्हणणारा पुरुष स्वतः त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना आपला मानला गेला! दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. संन्यासी आपले नाव, कूळ आणि जात यांचा त्याग करूनच दीक्षा घेतो. म्हणजे आपल्या दुसऱ्याच प्रतिनिधीस शास्त्राप्रमाणे जातच उरली नव्हती. ठराव मांडणाऱ्या आमच्या तरुण मित्रास आम्ही नम्रपणे विचारतो : १९५७ साली असा ठराव संमत झाला असता, तर स्वामीजींस मत द्यावयाचे कोणत्या ज्ञातीने?

त्यानंतर १९६२ व १९६७ या दोन्ही वेळी काँग्रेसचे भाऊराव देशमुख आणि १९७१ साली त्याच पक्षाचे माणिकराव पालोदकर निवडून आले. १९७७ साली, आणीबाणी उठल्यानंतर, जनता पक्षाचे डॉ. बापू काळदाते यांस या मतदारसंघाने दिल्लीस पाठविले. बापूसाहेब १९६७ साली लातूरहून विधानसभेवर गेलेले समाजवादी कार्यकर्ते. त्यांचे वक्तृत्व ऐकण्यास लोक कोसांवरून येत. त्यांचे मूळ कार्यक्षेत्र इथले नव्हते, परंतु त्या वेळी तो प्रश्न कोणी विचारल्याचे आम्हांस आठवत नाही. १९८० साली काँग्रेसचे काझी सलीम निवडून आले. आमचे पहिले मत याच निवडणुकीत पडले, कारण त्या काळी मतदाराचे वय एकवीस वर्षांचे असावे लागे. काझीसाहेब उर्दूतील नव्या कवितेचे नावाजलेले कवी होते. वली आणि सिराज यांच्या या नगरीने एक कवी लोकसभेत पाठवावा, हे तिच्या परंपरेस साजेसेच झाले.

१९८४ साली इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना येथील मतदारांनी काँग्रेस (समाजवादी) पक्षाचे साहेबराव पाटील डोणगावकर यांस निवडले. १९८९ व १९९१ साली शिवसेनेचे मोरेश्वर सावे, १९९६ साली त्याच पक्षाचे प्रदीप जैस्वाल आणि १९९८ साली काँग्रेसचे रामकृष्णबाबा पाटील निवडून आले. १९९९ पासून सलग चार वेळा शिवसेनेचे चंद्रकांत खैरे यांनी ही जागा राखली. २०१९ साली मजलिस पक्षाचे इम्तियाज जलील अवघ्या ४,४९२ मतांनी विजयी झाले, तर २०२४ साली शिवसेनेचे (शिंदे गट) संदीपान भुमरे १,३४,६५० मतांच्या फरकाने निवडून आले.

ही नामावली आम्ही वहीत उतरवून काढली तेव्हा तिचा हिशेब असा निघाला : १९५२ ते २०२४ या काळात सार्वत्रिक निवडणुका अठरा आणि प्रतिनिधी तेरा. त्या तेरांत संन्यासी आहे, कवी आहे, डॉक्टर आहे, ग्रामीण पुढारी आहेत, शहरी कार्यकर्ते आहेत. हिंदू आहेत तसे मुसलमानही आहेत. आपल्या समाजाचा मात्र एकही नाही, हे आमच्या तरुण मित्राचे म्हणणे खरे आहे. परंतु त्या यादीत आणखी एक उणीव आहे, तिच्याकडे त्याचे लक्ष गेले नाही, आणि खरे सांगावयाचे तर वही मिटेपर्यंत आमचेही गेले नव्हते. आमच्या सुनेने ती दाखवून दिली. त्या तेरांत एकही स्त्री नाही. मतदारांत निम्म्याच्या जवळपास असलेल्या वर्गाचे बहात्तर वर्षांत एकही नाव नसावे, आणि आम्ही आपल्या ज्ञातीचा माणूस शोधीत बसावे, याची आम्हांस लाज वाटली. कोणाचा माणूस नाही म्हणून रडावयाचे असेल, तर रडण्याचा पहिला अधिकार आपल्या माता-भगिनींचा आहे. लोकसभेत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखून ठेवणारी १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ साली संमत झाली, ती याच जाणिवेतून होय.

आता मतदारसंघ म्हणजे काय, याचा थोडा विचार करू. आमच्या नोकरीची अखेरची वर्षे पैठण तालुक्यातील एका शाळेत गेली. २००९ नंतरची गोष्ट. एक अधिकारी तपासणीस आले असता त्यांनी वर्गास विचारले, "तुमचे खासदार कोण?" एका मुलाने उठून जालन्याच्या खासदारांचे, म्हणजे रावसाहेब दानवे यांचे नाव सांगितले. अधिकारी हसले आणि म्हणाले, "अरे, जिल्हा कोणता आपला?" मूल बिचारे खाली बसले. परंतु मुलाचेच उत्तर बरोबर होते. नव्या पुनर्रचनेनुसार पैठण, फुलंब्री व सिल्लोड हे आपल्या जिल्ह्यातील विधानसभा मतदारसंघ लोकसभेसाठी जालन्यास जोडले गेले. औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात शहरातील पूर्व, मध्य व पश्चिम या तीन जागांसह कन्नड, गंगापूर आणि वैजापूर एवढेच राहिले. २०२४ चे विजयी उमेदवार भुमरे यांनी पूर्वी विधानसभेत ज्या पैठणचे प्रतिनिधित्व केले, ते पैठणही या मतदारसंघाच्या बाहेरच आहे. शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, तरी २०२४ ची लोकसभा निवडणूक औरंगाबाद याच मतदारसंघाच्या नावाने झाली. तात्पर्य, मतदारसंघ ही जन्माने लाभणारी गोष्ट नव्हे. ती कायद्याने आखलेली एक रेषा आहे. त्या रेषेच्या आत जो कोणी राहतो, तो प्रतिनिधीचा. मग त्याने मत दिलेले असो वा नसो.

बाहेरच्या जगातही हेच दिसते. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटना समितीवर निवडून आले ते बंगालमधून. ज्या महापुरुषाने आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभारले, त्यास घटना समितीचे दार बंगालच्या मतांनी उघडून दिले. साताऱ्याकडील यशवंतराव चव्हाण १९६३ साली नाशिकहून बिनविरोध लोकसभेत गेले. पुण्याचे मधु लिमये यांस बिहारमधील मुंगेर व बांका येथील मतदारांनी निवडून दिले. तेथे त्यांच्या ज्ञातीची किती घरे असतील, ते वाचकांनीच ताडावे.

कोणी म्हणेल, मग राखीव जागा कशासाठी? त्याचे उत्तर असे की, शतकानुशतके ज्यांस दारातही उभे राहू दिले नाही, त्यांच्यासाठी घटनेने केलेली ती तरतूद आहे. आणि तेथेही उमेदवार विशिष्ट वर्गाचा असला तरी मतदार सर्वच असतात. १९३२ च्या पुणे करारापासून हे तत्त्व चालत आले आहे. म्हणून राखीव जागेवरून निवडून आलेला सभासदही साऱ्या मतदारसंघाचाच असतो. शिवाय १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमानुसार उमेदवाराने, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने, जातीच्या नावावर मते मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो व त्यामुळे निवडणूक रद्द होऊ शकते. आपल्या संस्थेने अशा वाटेच्या जवळूनही जाऊ नये.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी गणित सरळ आहे. मतदारसंघात सुमारे वीस लाख मतदार. प्रत्येक ज्ञाती आपापल्या उमेदवारामागे गेली, तर मोठ्या ज्ञातीचा उमेदवार निवडून येईल आणि आपल्यासारखा लहान समाज प्रत्येक वेळी हरेल. इतकेच नव्हे, तर "हे लोक आपले नव्हेतच" असे निवडून आलेल्यास म्हणण्याची सोय आपणच करून देऊ. जातीची मोजदाद सुरू झाली की पहिला तोटा लहानाचा होतो. याउलट, २०१९ सारखी निवडणूक साडेचार हजार मतांच्या आत फिरते, तेव्हा ज्याचे मत कोणाच्या खिशात नाही, त्याच्या दारी सर्वांनाच यावे लागते.

शेवटी प्रतिनिधीकडून काय मागावे, हेही सांगणे अवश्य आहे. १९९३ साली खासदार निधीची योजना सुरू झाली. पुढे ती रक्कम वाढत जाऊन २०११ पासून दरसाल पाच कोटी रुपये झाली. तेव्हापासून ज्याची त्याची नजर त्या निधीवर लागली, आणि प्रत्येक समाज आपापल्या सभागृहाचा अर्ज घेऊन निघाला. आपणही त्यास अपवाद नाही. परंतु मनमाड-काचीगुडा रेल्वेचे उदाहरण पाहा. हा मार्ग मीटर गेजचा. मुंबईहून येणारा माल मनमाडास एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे, आणि त्या खोळंब्याचा भुर्दंड मराठवाड्यातील प्रत्येक शेतकरी व व्यापारी पिढ्यान्पिढ्या सोशीत राहिला. मार्ग रुंद व्हावा म्हणून मराठवाड्याने वर्षानुवर्षे मागणी केली, तेव्हा कोठे तो झाला. ती मागणी कोणा एका ज्ञातीची नव्हती. गाडी रुंद रुळावर आली तेव्हा तिच्यातून सर्वच ज्ञाती मुंबईस गेल्या. लोकसभेत मागावयाचे ते असे. सभागृह मागण्यास दुसरी दारे आहेत.

म्हणून आमची सभेस विनंती अशी की, मूळ ठराव मांडणाऱ्यानेच तो परत घ्यावा, आणि त्याऐवजी हा ठराव यावा : संस्थेच्या वाचनालयात एक वही ठेवावी. आपल्या मतदारसंघाच्या खासदारांनी लोकसभेत कोणते प्रश्न विचारले, त्यांस काय उत्तर मिळाले, हे तरुण सभासदांनी दर अधिवेशनानंतर तीत लिहावे आणि वार्षिक सभेत वाचून दाखवावे. जालना मतदारसंघात राहणाऱ्या आपल्या बांधवांसाठी दुसरी वही असावी. पहिल्या वहीचे काम त्या तरुण मित्राने पत्करावे, अशी आमची इच्छा आहे. वहीची किंमत आम्ही देऊ. तेवढी ऐपत निवृत्त शिक्षकाची असते. दुसऱ्या वहीसाठी आमच्या सुनेने आपले नाव दिले आहे, तेही सभेने मान्य करावे.