खेळांतील सूट आणि खेळांतील दंड

लहान मुलांचा शिवाशिवीचा खेळ आपण सर्वांनीं पाहिला आहे. धांवणाऱ्या आठदहा मुलांत एखादें चार वर्षांचें पोर हट्टानें शिरतें. त्याला नको म्हणवत नाहीं, म्हणून त्याला ‘कच्चें लिंबू’ ठरवितात. तें शिवलें गेलें तरी त्याच्यावर राज्य येत नाहीं. त्यानें नियम मोडला तरी कोणी बोलत नाहीं. या व्यवस्थेंत माया पुष्कळ आहे. परंतु तें पोर खरोखर खेळांत नसतें, हें सर्वांस ठाऊक असतें. मोठ्या माणसांच्या खेळांतहि दुर्बळाची व बलवानाची गांठ पडते. अशा वेळीं दुर्बळास जी सूट द्यावयाची ती कशाची द्यावी? आरंभींच्या अंतराची, कीं त्याच्या हातून होणाऱ्या चुकांची? बिलियर्डच्या मेजावर या प्रश्नाचा कसा निवाडा होत आला, हें आज पाहावयाचें आहे.

या सुटीस इंग्रजींत ‘हँडिकॅप’ म्हणतात. या शब्दाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. सतराव्या शतकांत इंग्लंडांत वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ चालत असे. दोघांनीं आपापल्या वस्तू पुढें ठेवाव्या, तिसऱ्यानें पंच होऊन त्यांच्या किंमतींतील फरक सांगावा, आणि तिघांनीं थोडा थोडा पैसा टोपींत टाकावा. नंतर त्या दोघांनीं टोपींत हात घालून ते एकदमच बाहेर काढावे. मुठींत पैसा असल्यास सौदा मान्य, मूठ रिकामी असल्यास अमान्य. दोघांचें मत एक पडलें तर टोपींतील पैसा पंचाचा. मतें भिन्न झालीं तर तो मान्य करणाराचा. ‘टोपींत हात’ या अर्थाच्या शब्दांवरूनच हें नांव आलें. सॅम्युअल पेपिस यानें १६६० सालच्या आपल्या रोजनिशींत या खेळाचा उल्लेख केलेला आहे. पुढें अठराव्या शतकांत हा शब्द घोड्यांच्या शर्यतींत गेला. तेथें चपळ घोड्याच्या पाठीवर अधिक वजन देऊन मंद घोड्यास संधि देऊं लागले.

या मूळच्या खेळांत तीन तत्त्वें आढळतात. फरक तिऱ्हाइतानें ठरवावयाचा, आधीं ठरवावयाचा, आणि तो दोघांनीं पत्करल्यावर पुन्हां उकरून काढावयाचा नाहीं. बिलियर्डच्या मेजावरील न्यायहि याच तीन पायांवर उभा आहे.

आतां दंडाकडे वळूं. ‘पूल’ हा शब्द फ्रेंच भाषेंतील ‘पूल’, म्हणजे कोंबडी, यावरून आला असून त्याचा जुगारांतील अर्थ सर्वांनीं मिळून मांडलेला पण, असा होता. एकोणिसाव्या शतकांतील ‘लाइफ पूल’ या खेळांत प्रत्येक खेळाडूस एक रंगीत चेंडू व तीन ‘प्राण’ मिळत. आपला चेंडू पॉकेटमध्यें गेला कीं एक प्राण गेला. स्वतःच्या चुकीनेंहि प्राण जाई, आणि प्रत्येक प्राणाबरोबर खिशांतील पैसाहि जाई. येथें चूक म्हणजे रोकडा दंड होता, आणि तो देणारा नवखा आहे कीं मुरलेला आहे, हें कोणी पाहत नसे.

अशाच खेळांतून हिंदुस्थानांत एक नवा खेळ जन्मास आला. नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यांतून १८१७ सालीं इंग्रजांकडे गेलेल्या जबलपुरास १८७५ च्या पावसाळ्यांत डेव्हनशायर पलटणीच्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्यें नेव्हिल चेंबर्लेन या तरुण अधिकाऱ्यानें ‘ब्लॅक पूल’च्या मेजावर आणखी रंगीत चेंडू मांडले. वुलिच येथील सैनिकी विद्यालयांत पहिल्या वर्षाच्या नवशिक्यास ‘स्नूकर’ म्हणत. एका सोबत्याचा सोपा नेम चुकला तेव्हां चेंबर्लेननें त्याला हेंच नांव दिलें, आणि तो खजील होऊं नये म्हणून लागलीच म्हणाला कीं, या खेळांत आपण सारेच स्नूकर आहों. ही हकीकत त्यानें स्वतःच १९३८ सालीं प्रसिद्ध केली. उटकमंडच्या क्लबांत १८८२ सालीं या खेळाचे नियम लिहून लावण्यांत आले. ज्या खेळाचें नांवच नवशिक्याच्या चुकीवरून पडलें, त्यांत नवशिक्याच्या चुकीचें काय करावें हा प्रश्न निघावा, हें यथायोग्यच होय.

सूट किती मोठी असूं शकते? १९३०-३१ च्या हंगामांत ऑस्ट्रेलियाचा वॉल्टर लिंड्रम हा बिलियर्डमध्यें इंग्लंडांतील नामांकित धंदेवाईकांस सात सात हजार गुणांची सूट देऊन खेळला. परंतु एवढें अंतर दिल्यावरहि फाउलचा नियम दोघांस एकच राहिला.

आपल्या प्रांतांत हा खेळ प्रथम छावण्यांत व क्लबांत राहिला. मुंबई आणि पुणें ही त्याचीं दोन मोठीं ठाणीं. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला, तेव्हां पुण्यास जाणारा मुंबईकर होडीनें पनवेल बंदरास उतरून पुढें घाटाची वाट धरीत असे. पुण्यांत १९२२ सालीं जन्मलेल्या विल्सन जोन्स यानें १९५८ सालीं कलकत्त्यास बिलियर्डचें हौशी जागतिक विजेतेपद मिळविलें, व १९६४ सालीं न्यूझीलंडांत तें पुन्हां जिंकलें. मुंबईच्या मायकेल फरेरा यानें तें १९७७, १९८१ आणि १९८३ असें तीनदां मिळविलें. आतां हा खेळ क्लबांच्या भिंती ओलांडून बाहेर आला आहे. २०१६ सालीं महानगरपालिका झालेल्या पनवेलसारख्या शहरांत तरुण मंडळी तासाच्या भाड्यानें पूलचें मेज घेतात. तेथें पंच नसतो, आणि जोडी सहसा असमान असते. म्हणून जुना प्रश्न तेथें रोज नव्यानें उभा राहतो.

समजा, दोघांनीं पांच डाव आधीं जिंकणाराचा सामना ठरविला, आणि नवख्यास दोन डावांची सूट मिळाली. पूलमध्यें फाउल झाला कीं प्रतिपक्षास पांढरा चेंडू हातीं घेऊन मेजावर वाटेल तेथें ठेवतां येतो. बलवानाच्या हातीं तो चेंडू आला तर बहुधा सगळा डाव संपतो. नवख्याच्या हातीं आला तर एखादा चेंडू पडतो, एवढेंच. तेव्हां दंड दिसावयास सारखा, परंतु परिणामीं विषम, असें कोणी म्हणेल, आणि नवख्याचा फाउल सौम्य करावा अशी सूचनाहि करील.

ही सूचना दयाळू आहे, पण न्याय्य नाहीं. दोन डावांची सूट आली कोठून? मागील सामन्यांचे निकाल पाहून. त्या निकालांत नवख्याचे सारे फाउल आणि बलवानानें त्यांचा घेतलेला सारा लाभ आधींच जमेस धरलेला आहे. आतां फाउलहि माफ केला तर एकच सूट दोनदां दिल्यासारखें होईल. उलट, बलवानास अधिक कडक दंड लावला तरी तीच दुबार आकारणी होते. सौजन्य म्हणून फाउलकडे डोळेझांक करणाराहि नकळत घोटाळाच करतो. कारण अशा सामन्याचा निकाल खोटा पडतो, आणि त्यावरून ठरणारी पुढची सूट चुकते. नवखा वरचेवर हरत असेल तर सामन्यापूर्वीं दोनाचे तीन डाव करावे. सामना चालू असतां नियम वांकवूं नये. आणि सूट देणारानें स्वतःचा फाउल झांकला, तर तो दिलेलें दान चोरून परत घेतो. चेंडूस बाहीचा निसटता स्पर्श झालेला कित्येकदां खेळणारासच ठाऊक असतो. तेथें पंच तोच, आणि अपराधीहि तोच.

तथापि नियमानें एका ठिकाणीं मनुष्याचें सामर्थ्य पाहिलें आहे. स्नूकरमध्यें फाउलचा दंड चारपासून सात गुणांपर्यंत असतो, व तो सर्वांस सारखा. परंतु जो चेंडू मारावयाचा तो लागला नाहीं, तर पंच आणखी एक गोष्ट पाहतो. खेळाडूनें यथाशक्ति प्रयत्न केला होता काय? केला नसेल तर ‘मिस’ पुकारला जातो, आणि प्रतिपक्ष चेंडू पूर्ववत् मांडून तोच फटका पुन्हां मारावयास लावूं शकतो. ‘यथाशक्ति’ या शब्दांत सारें मर्म आहे. जागतिक विजेत्यास जो प्रयत्न आळशी ठरेल, तोच पनवेलच्या विद्यार्थ्याचा पराकाष्ठेचा असूं शकेल. म्हणून घटना सर्वांस एका मापानें मोजावी. हेतु मात्र ज्याच्या त्याच्या शक्तीनें मोजावा.

या विवेचनावरून सूट आणि दंड यांचीं क्षेत्रें निराळीं असल्याचें दिसून येईल. सूट मनुष्याला द्यावयाची असते. दंड कृतीला करावयाचा असतो. सूट उदार असावी, दंड निःपक्ष असावा. ज्याच्या चुका आपण मोजीत नाहीं, त्याचा विजयहि आपण मनापासून मोजीत नाहीं. दोन डावांचें अंतर घेऊन आणि आपला प्रत्येक फाउल स्वमुखानें सांगून जिंकलेला नवखा खरा जिंकलेला असतो. त्याच्याशीं हस्तांदोलन करतांना प्रतिपक्षास मनांत कांहीं राखून ठेवावें लागत नाहीं.