मेणपतंगाचा बंदोबस्त आणि त्याची नावे

मधमाश्यांची पोळी पोखरणाऱ्या मेणपतंगाचा बंदोबस्त हा विषय वरकरणी कृषिशास्त्राचा होय. तथापि या किडीला लोकांनी जी नावे दिली, त्यांनी बंदोबस्ताची दिशाही पुष्कळ अंशी ठरविली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

लॅटिनमध्ये पोळे कुरतडणारी अळी ‘टिनिआ’ आणि उडणारा पतंग ‘पापिलिओ’. पहिल्या शतकातील कोलुमेल्ला याने सांगितलेला उपाय पतंगापुरता आहे : सायंकाळी मधमाश्यांच्या घरांमधोमध निमुळते, उंच धातूचे भांडे ठेवून त्याच्या तळाशी दिवा लावावा, पतंग आत शिरतात व होरपळतात. उपाय अगदीच व्यर्थ नव्हे, कारण अंडी घालणारी मादीही त्यात सापडते. परंतु आत शिरलेल्या अळीचे काय?

लिनीअसने १७५८ मध्ये दिलेले ‘मेलोनेल्ला’ हे नाव ‘मेल’ म्हणजे मध या शब्दावरून आले. वस्तुतः अळीचा निर्वाह मेण, पराग आणि पिल्लांच्या टाकलेल्या काती यांवर चालतो. प्रौढ पतंग तर काहीच खात नाही!

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘बी-मॉथ’ हे नाव रूढ झाले. माशांचा शत्रू म्हटल्यावर त्याला दारातच अडवावयाचे, हे ओघानेच आले. ‘पतंगरोधक’ पेट्यांचा व्यापार तेजीत चालला आणि वसाहती मात्र नष्ट होतच राहिल्या. लँगस्ट्रॉथ याने १८५२ मध्ये सुट्या चौकटींच्या पेटीचे एकस्व मिळविले. माश्या सुमारे ९ मिलिमीटरची फट मोकळी ठेवतात, या निरीक्षणावर ती पेटी आधारलेली होती. पोळे न कापता उचलून पाहता येऊ लागले. राणीमाशी असलेली भरभक्कम वसाहत अळ्यांना स्वतःच बाहेर काढते, राणीविना खंगलेली वसाहतच बळी पडते, हे त्याने १८५३ च्या ग्रंथात आग्रहाने मांडले. पतंग बहुधा मागाहून येतो. घर आधीच दुबळे झालेले असते.

आपल्याकडील सातेरी माश्या उपद्रव वाढला की घरच सोडून जातात. म्हणून जुनी, माश्यांनी न झाकलेली पोळी वेळीच काढणे आणि पेटीच्या तळाचा केर झाडणे येथे अधिकच निकडीचे ठरते. साठवणीतील पोळ्यांची गोष्ट निराळी. तेथे राखणीला माश्याच नसतात. उणे ७ अंश सेल्सिअस तापमानात ४.५ तास ठेवल्यास अंड्यांपासून पतंगापर्यंत सर्व अवस्था मरतात.