दूधभाकरी, उंदीर आणि पाऊच : मांजराच्या चोखंदळपणाचा इतिहास

१/ कवठे महांकाळच्या दुष्काळी पट्ट्यात मांजरासाठी खाद्य विकत आणण्याची रीत नव्हती. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून वाडग्यात घातली की घरधन्याचे कर्तव्य संपे. आज पाकिटे आणि पाऊच तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले आहेत, आणि महागडे खाद्य नुसते हुंगून मांजर तोंड फिरवते. हा माज की आणखी काही? उत्तर इतिहासात आहे.

२/ दूधभाकरीवर मांजरे पिढ्यान्‌पिढ्या जगली, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे. घरात कणगी होती, अंगणात पेव होते, माळ्यावर कडबा होता. आणि या सर्व ठिकाणी उंदीर होते. दूधभाकरी ही मांजराची मजुरी होती. त्याचे खरे जेवण ते स्वतः मिळवत होते.

३/ या मजुरीचे मोल प्लेगच्या काळात सरकारदरबारीही ओळखले गेले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे देशावर पसरला. अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनी मांजरे अधिक असलेल्या गावांत प्लेग कमी दिसतो, असे मांडले आणि घरोघरी मांजर पाळण्याचा आग्रह धरला. मांजर तेव्हा घरचा चाकर होते, लाडके लेकरू नव्हे.

४/ त्याच सुमारास लंडनमध्ये घोड्याचे मांस काड्यांना टोचून दारोदार विकणारे फेरीवाले होते, केवळ मांजरांसाठी. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट या अमेरिकनाने तेथेच कुत्र्यांची बिस्किटे काढली. प्राण्यांचे खाद्य हा स्वतंत्र धंदा झाला तो येथून.

५/ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पत्र्याची टंचाई झाली. डबाबंद मांस मागे पडून कोरडे खाद्य पुढे आले. १९५७ मध्ये प्युरिना कंपनीने पीठ दाबाखाली शिजवून फुगवलेले दाणे कुत्र्यांसाठी बाजारात आणले. मांजरांचे दाणे पाठोपाठ आले. असा दाणा फुगण्यासाठी पिष्ट, म्हणजे धान्य वा कंद, लागते. निव्वळ मांसभक्षक प्राण्याच्या ताटात धान्य आले ते प्रामुख्याने यंत्राच्या सोयीसाठी.

६/ १९७५ मध्ये संशोधकांनी एक धक्कादायक गोष्ट नोंदवली. केसीन, म्हणजे दुधातील प्रथिन, हेच प्रथिन म्हणून दिलेल्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा झिजत होता. कारण होते टॉरिन या द्रव्याची उणीव. ते मांसात असते, वनस्पतींत जवळजवळ नसतेच. कुत्रा ते शरीरात तयार करतो. मांजराला ते पुरेसे करता येत नाही.

७/ १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील पशुवैद्य पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की बाजारातील तयार खाद्यावर वाढलेल्या मांजरांचे हृदयही याच उणिवेने निकामी होत होते. टॉरिन दिल्यावर अनेकांची हृदये सुधारली. कंपन्यांना कृती बदलाव्या लागल्या. तोवर कित्येक मांजरे भरल्या वाडग्यापाशी मेली होती.

८/ कणगीजवळच्या मांजराला हे दुखणे का जडले नाही, हे आता उलगडते. त्याचे टॉरिन उंदरात होते. पेवे बुजली, सिमेंटची घरे आली, उंदरांना विष घातले जाऊ लागले. मांजराचे खरे जेवण गेले आणि मजुरीची दूधभाकरी तेवढी उरली.

९/ आता चोखंदळपणाकडे. २००५ मध्ये सिद्ध झाले, की मांजराच्या शरीरात गोड चव ओळखणारे एक जनुक मोडलेले आहे. वाघाचेही तसेच, मावशीचे नाते येथेही खरे ठरते. २०११ च्या एका अभ्यासात निवडीची मुभा मिळालेल्या मांजरांनी सुमारे ५२ टक्के ऊर्जा प्रथिनांतून घेतली. थंड अन्न त्यांना सहसा रुचत नाही. ताज्या शिकारीची ऊब त्यांना हवी असते.

१०/ मग ब्रँड कोणता? व्हिस्कस, शीबा आणि रॉयल कॅनिन ही तिन्ही नावे मार्स या एकाच कंपनीची. प्युरिना, फ्रिस्कीज, फॅन्सी फीस्ट ही नेस्लेची. मी-ओ थायलंडचे, ड्रूल्स भारतीय. नाव बदलले म्हणजे घराणे बदललेच असे नाही. वर दिलेला २०११ चा अभ्यासही मार्सच्याच संशोधन केंद्रातला होता.

११/ तुलना पाकिटामागच्या अक्षरांवरून करावी. कोरड्या खाद्यात ३० टक्के प्रथिने आणि १० टक्के पाणी असेल, तर पाणी वगळून प्रथिने सुमारे ३३ टक्के. पाऊचमध्ये ८ टक्के प्रथिने आणि ८० टक्के पाणी असेल, तर पाणी वगळून ४० टक्के. लहान दिसणारा आकडा येथे मोठा निघतो.

१२/ दुसरी खूण ‘संपूर्ण आहार’ या शब्दांची. नळीतून चाटायला देण्याचे पदार्थ बहुधा पूरक असतात, म्हणजे खाऊ, जेवण नव्हे. मांजर त्यावर तुटून पडते, कारण चव आणि वास हाच त्यांचा हेतू. खाऊवर पोट भरलेले मांजर वाडग्यातले नाकारणारच.

१३/ ‘उपाशी ठेवा, आपोआप खाईल’ हा सल्ला मात्र घातक आहे. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून जीवावर बेतू शकते. नवे खाद्य जुन्यात थोडे थोडे मिसळत आठवडाभरात बदलावे, पाऊच किंचित कोमट करावा, आणि एक दिवस काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्य गाठावा.

१४/ तोंड फिरवणारे मांजर माजलेले नसते. हजारो वर्षे माणसाच्या घरी राहूनही त्याने आपले पोट बदलले नाही. कणगीजवळ ते स्वतःची सोय पाहत होते. आता पाहणारे आपणच आहोत. वाडग्यात काय आहे हे वाचण्याची जबाबदारीही, अर्थात, आपलीच.