मांजरी गाव आणि दख्खनची द्राक्षवेल

पुण्याहून दौंडकडे निघालेली आगगाडी हडपसर सोडून थोडी पुढे गेली की मांजरी बुद्रुक नावाचे एक लहानसे स्थानक लागते. उत्तरेस मुळा-मुठा वाहते. नदीपलीकडे मांजरी खुर्द, अलीकडे मांजरी बुद्रुक. या गावात द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि तेथे सिद्ध झालेल्या वाणांना गावाचेच नाव मिळाले आहे. मांजरी नवीन, मांजरी किशमिश, मांजरी श्यामा आणि मांजरी मेडिका ही ती नावे होत. मांजरीच्याच किती रहिवाशांना ती ठाऊक असतील, याची मला शंका आहे. म्हणून आज या द्राक्षवेलीची कुळकथा आपणांस सांगावी असे योजिले आहे.

इतिहासाचा धडा शिकविताना मी वर्षानुवर्षे मुलांना 'वेडा महंमद' शिकविला. त्याने १३२७ साली दिल्लीची राजधानी देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस हलविली, आणि त्या खटाटोपात प्रजेचे हाल झाले, एवढे सांगून मी पुढच्या धड्याकडे वळत असे. परंतु त्याच दौलताबादेत १३४२ च्या सुमारास मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता येऊन गेला, आणि येथे द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात असे त्याने नमूद करून ठेविले, हे मात्र मी कधी सांगितले नाही. राजधानी पुन्हा दिल्लीस गेली. द्राक्षे मात्र दख्खनमध्येच राहिली. राजाच्या लहरीपेक्षा माळ्याचा उद्योग अधिक टिकाऊ ठरला असे म्हणावयास हरकत नाही.

'वर्षातून दोनदा' या दोन शब्दांतच दख्खनच्या द्राक्षाचे सारे मर्म आहे. द्राक्षवेल ही मूळची थंड मुलखातील. इटली वा फ्रान्समध्ये हिवाळा आला की तिची पाने गळतात, ती झोपी जाते, वसंतात जागी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिचे घड पिकतात. तेथील शेतकरी वर्षातून एकदा, वेल झोपेत असताना, तिची छाटणी करतो. आपल्याकडे तशी थंडीच नाही. त्यामुळे वेलीला झोपही नाही. तिला मोकळी सोडली तर ती बारमाही वाढत राहते, आणि पावसाळ्यात जे फळ धरते ते आंबट व रोगट निघते.

यावर आपल्या बागायतदारांनी उपाय काढला तो कात्रीचा. एप्रिलमध्ये 'खरड छाटणी' करून काडी जवळजवळ मुळाशी छाटावयाची. उन्हाळ्यात नव्या काड्या फुटतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची बीजे तयार होतात. मग पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या सुमारास 'फळछाटणी' करावयाची. त्यानंतर साधारणपणे चार ते साडेचार महिन्यांत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, गोड घड हाती येतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आता त्यांना हायड्रोजन सायनामाइड नावाचे द्रव्य लावतात. निसर्गाने जी थंडी दिली नाही तिचे काम माणसाच्या हाताने करावयाचे, असा हा प्रकार आहे. ऑक्टोबरच्या छाटणीत अवकाळी पाऊस गाठतो आणि केवड्याचा रोग एका रात्रीत फुलोरा जाळतो. कर्ज काढून मांडव उभारलेल्या कुटुंबाचे वर्ष तेथेच संपते. म्हणून बागायतदाराच्या घरी पंचांगाइतकेच आभाळही वाचले जाते.

नाशिककडे पूर्वी ही वेल पांगाऱ्याच्या जिवंत खुंटांवर चढवीत, आणि तेथे 'भोकरी' नावाचे वाण प्रसिद्ध होते. १९६० नंतर बिनबियांचे थॉमसन सीडलेस आले, आणि भोकरी मागे पडली. सांगली जिल्ह्यातील तासगाव भागातील बागायतदारांनी थॉमसनमधूनच 'तास-ए-गणेश' हे वाण निवडून काढिले. विद्यापीठाची पदवी नसलेल्या शेतकऱ्याच्या नजरेने वाण सिद्ध व्हावे, ही गोष्ट मला विशेष अभिमानाची वाटते.

मांजरीची कथा या कथेस पुढे येऊन मिळते. खडकवासल्याच्या धरणाचा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या बाजूस आला आणि जिराईत जमीन बागायत झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी येथील सरकारी शेतीत ऊस लागवडीचे प्रयोग चालत. १९७५ साली स्थापन झालेली साखर संशोधनाची संस्था, जिला पुढे वसंतदादांचे नाव मिळाले, ती येथेच आहे. आणि १९९७ साली द्राक्ष संशोधन केंद्रही येथेच आले. तेथील मांजरी मेडिका हे वाण पुसा नवरंग व फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून झाले. बहुतेक काळ्या द्राक्षांची साल तेवढी काळी असते, गर फिकट. मेडिकाचा गरही रंगीत असतो, म्हणून ते मुख्यतः रसासाठी.

येथे कोणी विचारील, ज्या मुलखात निदान सातशे वर्षे द्राक्षे आहेत, तेथे इटलीसारखी वाइनची परंपरा का झाली नाही? आपल्या घरांत द्राक्ष येते ते बेदाणा होऊन: शिऱ्यात, श्रीखंडात, प्रसादाच्या द्रोणात. सांगली-तासगावकडे घड द्रावणात बुडवून सावलीतल्या जाळ्यांवर वाळवितात. चार किलो द्राक्षांतून सुमारे एक किलो बेदाणा होतो. आजाऱ्याला भिजविलेल्या काळ्या मनुका देतात. वाइनचा जवळचा नातलग म्हणावा असा एकच पदार्थ मराठी घरात होता. तो वैद्याच्या बाटलीतला द्राक्षासव! धायटीच्या फुलांनी आंबवलेला तो रस आजीबाईदेखील निःशंकपणे चमच्याने घेत. पुढे १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला. १९८० च्या दशकात नारायणगावी व २००० साली नाशिकला वाइन होऊ लागली, आणि २००१ च्या सरकारी धोरणाने तिला उत्तेजन दिले; विंचूर व पलूस येथे वाइन उद्यानेही निघाली. तथापि महाराष्ट्रातील एकंदर द्राक्षांपैकी वाइनकडे जाणारा वाटा आजही अगदी थोडा आहे. पिणे चांगले की वाईट, हा निवाडा मी करणार नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, आपली द्राक्षसंस्कृती पेल्यात नाही. ती छाटणी करणाऱ्याच्या हातात आहे.

हात गेला की वाणही जाते, हे इटलीतील एका अप्रसिद्ध प्रांताच्या उदाहरणावरून कळते. मोलीझे हा तेथील वीस प्रांतांतील सर्वांत नवा प्रांत. १९६३ साली तो आब्रुत्सीपासून वेगळा झाला. आपल्या धनगरांप्रमाणे तेथील मेंढपाळही कळप घेऊन ऋतुमानाप्रमाणे डोंगरातून मैदानात जात-येत. तेथे तिंतिलिया नावाचे काळे द्राक्ष होते. पीक थोडे, म्हणून विसाव्या शतकात शेतकऱ्यांनी ते उपटून अधिक पिकणारी वाणे लाविली, आणि ते नामशेष होण्याच्या बेतास आले. पुढे काही जणांनी जुन्या वेली शोधून त्या वाढविल्या. २०११ साली त्या वाइनला स्वतंत्र अधिकृत नामाभिधान मिळाले. आपली भोकरीही अशीच मागे पडली. तिला शोधीत जाणारा कोणी भेटेल काय?

मांजरीपुढचा प्रश्न मात्र याहून निराळा आहे. येथे वाण जिवंत आहे. जमीन जात आहे. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महानगरपालिकेत गेले. जेथे ऊस डोलत असे तेथे इमारती उभ्या राहिल्या. लोकांना घरे हवीत, त्यांच्याशी माझे भांडण नाही. माझ्याच कित्येक विद्यार्थ्यांचे संसार त्या घरांत आहेत. परंतु त्यांच्या मुलांनी मांजरी हे नाव केवळ रस्त्यावरील गर्दीच्या संदर्भात ओळखावे, हे मला रुचत नाही.

म्हणून एक लहानशी सूचना करून मी आपली रजा घेतो. गावातील प्रत्येक शाळेच्या आवारात, कुंपणालगत, मांजरीच्या नावाची एक वेल लावावी. एप्रिलमध्ये व ऑक्टोबरमध्ये मुलांनीच, जाणत्या बागायतदाराच्या देखरेखीखाली, तिची छाटणी करावी. पहिल्या वर्षी फळ मिळणार नाही, दुसऱ्या वर्षी थोडे आंबट मिळेल. तोपर्यंत मुलांना आभाळाकडे पाहण्याची सवय मात्र लागलेली असेल.