मोहाचे फूल आणि अबकारी

मार्चअखेर यवतमाळ जिल्ह्याच्या पांढरकवडा-झरी भागात भल्या पहाटे गेलो, तर मोहाच्या झाडाखाली गोंड-कोलाम बायामुले टोपल्या घेऊन बसलेली दिसतात. रात्रीतून गळलेली फिकट पिवळी, गुबगुबीत फुले ती वेचत असतात. आम्ही एक ताजे फूल तोंडात टाकले. रसाळ, गोड, पण मागाहून येणारा वास ओळखीचा वाटला. तो होता शिजत्या आंबेमोहोर भाताचा! दोन्हींत २-असेटिल-१-पायरोलीन हे एकच संयुग आहे. रतनलाल ब्रह्मचारी यांना तेच वाघाच्या मूत्रातही सापडले होते. म्हणजे टिपेश्वरच्या जंगलात हा वास आला, तर जरा थांबून विचार केलेला बरा.

पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ने छोट्या प्रमाणावर बिअर गाळायला सुरुवात केली. तेव्हापासून हंगामापुरती, थोडीच केलेली बिअर चाखण्याची हौस आपल्या शहरांत रुजली. यवतमाळच्या रानात अशी स्थानिक, घरगुती पेये फार पूर्वीपासून आहेत. मग एकाला हौस आणि दुसऱ्याला गुन्हा का म्हणायचे?

आधी रसायन पाहू. बार्लीत स्टार्च असतो आणि यीस्टला तो थेट पचत नाही. म्हणून दाणे भिजवून मोड आणतात; मोडातले विकर स्टार्चची साखर करते. हे विकर, डायस्टेज, पायाँ आणि पेर्सो यांनी १८३३ साली वेगळे केले. मोहाच्या फुलात साखर आयतीच असते. फुले भिजवली, की यीस्टचे काम सुरू. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून सुमारे ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, हा हिशेब कागदावरचा. मडक्यात थोडे कमीच मिळते. मात्र बिअर आंबवली की झाली, मोहाची दारू पुढे गाळावी लागते. अल्कोहोल ७८ अंशांना उकळते, पाणी १०० ला, एवढ्यावर ती सारी भट्टी चालते.

यीस्ट जिवंत असते आणि आंबवणे हे त्याचे काम, हे पाश्चरने १८५७ पासून दाखवले. १८९७ साली बुखनरने यीस्ट वाटून, पेशी नसलेल्या रसानेही साखर आंबते, हे सिद्ध केले.

याच काळात आपल्याकडे फुलांमागे सरकार लागले होते. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या आवळल्या. तरीही लोक घरी गाळीतच, म्हणून १८९२ साली ठाणे-कुलाबा जिल्ह्यांसाठी खुद्द मोहाच्या फुलांवर कायदा केला! दारूवर नव्हे, फुलांवर. ज्या फुलांवर टंचाईत माणसे दिवस काढीत, ती बाळगणे संशयास्पद ठरले. यवतमाळ तेव्हा वऱ्हाडातला वणी जिल्हा होता, म्हणून हा कायदा इथला नव्हे. पण पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहाच्या फुलांवर नियंत्रण आले. आमच्या मते ही महसुलाची हाव होती. लोकांच्या आरोग्याचा विचार त्यात नंतर आला.

म्हणून दारू निरुपद्रवी ठरत नाही. दारूने संसार मोडलेल्या बायांना आमचा हा इतिहास ऐकवून काही उपयोग नाही. आणि बंदोबस्त वाढला, की माणूस भलतेच पितो. एप्रिल २०२१ मध्ये लॉकडाऊनमुळे दारूची दुकाने बंद असताना वणीत सॅनिटायझर पिऊन ७ जण दगावले. चोरट्या दारूत मिथाइल अल्कोहोल मिसळले, तर यकृत त्याचे फॉर्मिक आम्ल करते आणि दृष्टीची नस जळते. चव घेऊन ते ओळखता येत नाही, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगायला हवे.

मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये आदिवासींच्या मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता दिली. अलीराजपूरची बाटली आता लेबल लावून विकली जाते.

वर्गात करून पाहायचे असेल, तर मोहाऐवजी मनुका घ्याव्यात, म्हणजे कोणी विचारायला येणार नाही. मूठभर मनुका कोमट पाण्यात चुरून बाटलीत भराव्यात, चिमूटभर बेकरीचे यीस्ट घालून तोंडाला फुगा बांधावा. एक-दोन दिवसांत फुगा उभा राहतो. तो वायू चुन्याच्या निवळीत सोडला, की निवळी दुधाळ होते. बाटलीतले पाणी मात्र चाखू न देता ओतून टाकावे.