निसेन हट आणि पानशेतचे पूरग्रस्त

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले, आणि ऐन पावसाळ्यात मुठेकाठच्या पेठांतील हजारो कुटुंबे उघड्यावर आली. प्रथम त्यांना शाळांत उतरविले. पण शाळा किती दिवस अडवून ठेवणार? मग माळांवर निसेन हट उभे राहिले.

हा निवारा मूळचा रणभूमीवरचा. पीटर निसेन या लष्करी अभियंत्याने पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, तो सैनिकांसाठी योजिला. पन्हाळी पत्रा अर्धवर्तुळात वाकविला की भिंत आणि छप्पर एकच! थोड्या माणसांनी थोड्या वेळात उभा करावा, पावसाचे पाणी आपोआप निथळावे. शिपायाला एवढे पुष्कळ झाले. परंतु नारायण किंवा शनिवार पेठेतील वाड्यातून आलेल्या गृहिणीने त्या वाकलेल्या भिंतीला कपाट कसे टेकवावे? फळी कोठे ठोकावी, देव कोठे मांडावेत? आणि वैशाखातल्या दुपारी तापल्या पत्र्याखाली तान्ह्या मुलांनी करावे काय? आमच्या मते, ‘थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे’ या समजुतीने हे प्रश्न कोणी विचारलेच नसावेत.

थोडे दिवस म्हणजे किती, हे आपणां पिंपरी-चिंचवडकरांना वेगळे सांगावयास नको. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी पिंपरीस छावणी पडली. आज तेथे भरगच्च बाजारपेठ आहे, तरी नाव ‘पिंपरी कॅम्प’च! पुण्यात पूरग्रस्तांच्या १०३ गृहरचना संस्था झाल्या, आणि त्यांच्या मालकीहक्काचा प्रश्न अर्ध्या शतकाहून अधिक काळ सरकारदरबारी रेंगाळला.